तुरीच्या दाण्यांचा थंड शेक

"आयका ना, एकदाव उठी ते बसा. याही येतीन अन तुम्ही असा आडा पडेल दिसशात, मंग काय व्हई?"

व्याही यायचे होते म्हणून वत्सलाबाईंनी हे सकाळपासून रागावून म्हणून पाहिलं, गोड बोलून म्हणून पाहिलं, शेवटी डोळ्यांना पदर लावूनही म्हणून पाहिलं. रतिलालभाई खाटेवर पाय ताठ करून पडले होते. पोटावर उशी, उशीवर दोन्ही हात. बायकोने कुठल्याही चालीवर म्हटलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "टाका उसवतीन," ते म्हणत आणि भिंतीकडे बघत.

ऑपरेशन हर्नियाचं होतं. कोरीट गावात मात्र 'पोटाचं' एवढंच सांगितलं होतं, आणि ते तसं फार खोटंही नव्हतं. जिथे पोट संपतं आणि सभ्य माणसांचं बोलणंही संपतं, त्या ठिकाणी, उजव्या अंगाला, नंदुरबारच्या डॉक्टरांनी टाके घातले होते. खबर काढायला येणारी मंडळी नेमकं कुठलं पोट म्हणून खोदून विचारू लागली, की रतिलालभाई डोळे मिटून कण्हत. हा उपाय त्यांना कुणी शिकवला नव्हता.

बाकीचे उपाय डॉक्टरांनी शिकवले होते. दुखण्याच्या गोळ्यांशी रतिलालभाईंचं जुनं वाकडं. एक गोळी पोटात गेली की छातीपर्यंत आग. तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या अगदी बेताच्या ठेवल्या आणि सांगितलं, की काका, दुखणं फक्त गोळीनेच कमी होतं असं थोडंच आहे? थंड शेक घ्या, पण कापडात गुंडाळून आणि थोडाथोडा वेळ. खोकला, शिंक, हसू, काहीही आलं तर पोटावर उशी दाबून धरा. श्वास हळू घ्या, हळू सोडा. आवडीचं काही ऐकत राहा म्हणजे मन दुखण्यावरून उडतं. आणि घरातल्या घरात चाला. हे सगळं त्यांच्या सुनेने, रुचिकाने, नीट लक्षात ठेवलं. ती सुरतेत वाढलेली, आणि डॉक्टर बोलले म्हणजे ते झालंच पाहिजे, अशा मताची.

यातलं जे जे आडवं पडून करता येतं ते रतिलालभाईंनी मोठ्या निष्ठेने केलं. नाकाने श्वास आत आणि तोंडाने 'फूऽऽ' करून बाहेर, हे इतकं मनापासून चाले, की खिडकीत बसणारी मांजर पहिल्या दिवशी पळूनच गेली. रुचिकाने मोबाइलवर भजनं लावून तो उशाखाली सरकवला होता. एक संपलं की दुसरं आपोआप सुरू होई. तो बंद कसा करायचा हे रतिलालभाईंना माहीत नव्हतं आणि विचारायची गरजही पडली नव्हती. चालण्याचा विषय निघाला की मात्र ते एकदम बहिरे होत.

त्यामागे शास्त्र होतं, अर्थात त्यांचं स्वतःचं. सारा जन्म मिरचीची पोती भरण्यात आणि सोडण्यात गेलेला. पोत्याच्या शिलाईचं टोक हाती लागलं आणि जरासं ओढलं, की सगळं तोंड सरसर उघडतं आणि मिरची पायावर येते, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. डॉक्टरांनी पोट शिवलं ते याहून वेगळं ते काय असणार? आणि टोक कुठल्या बाजूला सोडलंय हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. चार दिवस झाले तरी काका चालत नाहीत हे ऐकून डॉक्टरांनी फोनवर दम भरला, की असंच पडून राहणार असतील तर पुन्हा इकडे आणून टाका. रतिलालभाई म्हणाले, बघू. म्हणाले ते पडूनच.

थंड शेकाचा शोध मात्र रुचिकाचा. नुसता बर्फ टोचतो आणि विरघळला की गादी भिजते. पौषाचे दिवस, कोरीटला तुरीच्या शेंगांना काय तोटा? तिने हिरवे दाणे सोलून दोन पिशव्यांत भरले, गाठी मारल्या आणि फ्रीजरात ठेवले. एक पिशवी रतिलालभाईंच्या सेवेत, दुसरी फ्रीजरात; एक कोमट झाली की अदलाबदल. दाण्यांची पिशवी कशी अंगाबरोबर बसते, कुठे टोचत नाही. रुचिका ती फडक्यात गुंडाळून, तोंड दुसरीकडे करून, दारातून हात लांब करून देई. सासऱ्याचं दुखणं आणि सुनेची मर्यादा, दोन्ही सांभाळलं जाई.

ही व्यवस्था घरात सगळ्यांना ठाऊक होती, एकट्या कौसाबाई सोडून. कौसाबाई म्हणजे रतिलालभाईंची थोरली बहीण. भावाचं ऑपरेशन म्हटल्यावर तळोद्याहून हातभार लावायला आली होती. थोरल्या नणंदेला वत्सलाबाई काय सांगणार, की ही पिशवी कुठे ठेवतात? आणि सून तरी काय सांगणार? कौसाबाईंनी एकदा विचारलंही, की दाण्यांची ही ये-जा कसली चालते. रुचिका 'काही नाही आत्या' म्हणाली आणि चहाचं विचारू लागली.

आता घरावर खरं संकट वेगळंच होतं. धाकटी लेक चारुलता, नंदुरबारला बँकेत नोकरीला. तिचा साखरपुडा मागच्या हिवाळ्यात पुरुषोत्तमनगरच्या नवनीतभाईंच्या मुलाशी झाला. मुलगा चांगला, घर चांगलं, मुलांचं एकमेकांशी चांगलं जमलेलं. पण लग्नाची तारीख काही निघेना. आधी नवनीतभाई म्हणाले ऊस तुटून जाऊ द्या. मग म्हणाले ऊन फार आहे. मग पाऊस. मग गुरुजींना कुठलासा ग्रह आवडला नाही. कौसाबाई 'नकटीना लगीनले सतराशे इघन' असं बोलून गेल्या आणि दिवसभर वत्सलाबाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत. गावात कुजबुज सुरू झाली होती. चारुलता तर काहीच बोलत नसे, आणि आईला तेच जास्त लागे.

अशात काल नवनीतभाईंचा फोन आला. तब्येत बघायला येतो म्हणाले, आणि वर जोडलं, "थोडं बोलनं बी शे." त्या 'थोडं बोलनं'ने वत्सलाबाईंची झोप उडवली. त्यांचा हिशेब सरळ होता. व्याही येणार, मुलीचा बाप ओंडक्यासारखा पडलेला बघणार, आणि म्हणणार, तुम्ही आधी बरे व्हा, मग बघू. त्या 'मग'ला अंत नव्हता. म्हणून त्या विनवत होत्या, की बैठकीत खुर्चीवर जरा वेळ बसा, हसून बोला, पोरीच्या नशिबासाठी एवढं करा. रतिलालभाईंनाही पोरीचं कमी नव्हतं. रात्र रात्र त्यांनाही तोच घोर होता. पण टाके त्यांचे होते.

जेवायच्या वेळेपर्यंत पोचतो म्हणालेले नवनीतभाई बरेच आधी दारात उभे राहिले. रतिलालभाईंचा मुलगा कामावर, रुचिका त्याच्याच मोटारसायकलवर मागे बसून नंदुरबारला मिठाई आणायला गेलेली. वत्सलाबाईंची तारांबळ उडाली. नवनीतभाईंनी आणलेली कापडी पिशवी त्यांनी न बघताच कौसाबाईंच्या हातात दिली, पाहुण्यांना बसवलं, आणि पाहुणे आतल्या खोलीकडे वळताहेत असं दिसताच ठोकून दिलं, "आत्तेच डोळा लागना त्यासना. उठतीन थोडा येळमा."

आत रतिलालभाईंनी घाईने डोळे मिटले. झोप लागलेल्या माणसाला जे जे करता येत नाही ते सगळं त्यांना त्याच क्षणी करावंसं वाटू लागलं.

त्यांची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत होती आणि वर झरोका होता. पलीकडचं पान हललं तरी ऐकू येई. जायचं म्हटलं तर मात्र बैठकीतून वळसा. कौसाबाईंना काम करताना स्वतःशी बोलायची सवय. आधी त्या वांग्यांवर बोलल्या. मग फ्रिज उघडल्याचा आवाज आला, मग फ्रीजरचं झाकण कुरकुरलं, आणि मग झरोक्यातून स्पष्ट ऐकू आलं, "ह्या देखा, दाणा आठे पडेल शेत अन मी वांगा चिरी ऱ्हायनी."

रतिलालभाईंचे मिटलेले डोळे टक्क उघडले. ती पिशवी त्यांनी सकाळीच परत केली होती.

"बाई," त्यांनी बहिणीला हाक मारली. उशाखाली भजन रंगात आलं होतं, त्यात ती विरून गेली. मोठ्याने ओरडावं तर पोटाला हिसका बसणार, शिवाय ते झोपलेले होते. त्यांनी श्वास भरून घेतला आणि पुन्हा "बाऽऽ" म्हणायला गेले, पण दुखेल या भीतीने अर्ध्या वाटेतच त्याचा 'फूऽऽ' झाला. पलीकडून कौसाबाई समाधानाने म्हणाल्या, "श्वास ले तू, बोलू नको. मन्हं ध्यान भाजीमा शे." मोबाइल बंद करावा म्हणून त्यांनी उशाखाली हात घातला, कुठेतरी बोट दाबलं, आणि भजन दुप्पट मोठं झालं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मग बराच वेळ पलीकडे नुसती खुडबुड चालली. रतिलालभाईंना वाटलं, कदाचित वांग्यावर भागेल. त्यांनी देवाला तसं सुचवूनही पाहिलं. आणि तेवढ्यात फोडणी तडतडली, लसूण, मिरची, आणि पाठोपाठ दाणे पडल्याचा तो ओळखीचा आवाज. व्याही, मुलीचा सासरा, एक वर्ष ज्याच्या होकारासाठी घर डोळे लावून बसलं होतं तो माणूस, आता त्यांच्या शेकाचे दाणे खाणार होता. हे कधी ना कधी बाहेर फुटणार. मग पुरुषोत्तमनगरपासून शहाद्यापर्यंत चारुलताच्या माहेरची ओळख तीच होऊन बसणार.

रतिलालभाई उठले.

कसे उठले ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. आधी कुशीवर झाले, मग पाय खाली सोडले, उशी पोटाशी घट्ट धरली आणि उभे राहिले. टोक कुठे आहे ते माहीत नव्हतं; जिकडे असेल तिकडे असो म्हणाले. पहिल्या पावलाला चांगलीच कळ आली. त्यांनी नाकाने श्वास घेतला, तोंडाने सोडला, दुसरं पाऊल टाकलं. काही सुटलं नाही, काही ओघळलं नाही. दारापर्यंत पोचेतो त्यांचं सगळं लक्ष पलीकडच्या कढईत असल्यामुळे, दुखतंय किती हे बघायचं राहूनच गेलं.

बैठकीत नवनीतभाई चहा पीत होते. साखर कारखान्यातून निवृत्त झालेला, धिप्पाड, मोजकं बोलणारा माणूस. उशी पोटाशी धरून, विस्कटल्या केसांनी, भजनाच्या गजरात बाहेर येणाऱ्या व्याह्याला बघून ते कप घेऊनच उभे राहिले.

"रतिलालभाई, तुम्ही चाली ऱ्हायनात?"

"हो," रतिलालभाई स्वयंपाकघराकडे बघत म्हणाले.

"कितला दिन व्हयनात?"

"चार."

"दुखत नई?"

"नई." त्यांना फक्त पुढे सरकायचं होतं. पण नवनीतभाई वाट अडवूनच उभे. उठताना दुखतं का, बसताना दुखतं का, खोकताना काय होतं, इंजेक्शन पाठीत देतात तेव्हा कळतं का, गोळ्या किती. प्रश्नामागून प्रश्न. मोजकं बोलणाऱ्या माणसाला आजच काय झालं होतं कोण जाणे. रतिलालभाई जे तोंडाला येईल ते सांगत होते, गोळ्या जवळजवळ नाहीतच, उशी आणि श्वासावर सगळं भागतं, आणि एकेक बोट पुढे सरकत होते. वत्सलाबाई नवऱ्याला उभा बघून आनंदाने इतक्या हडबडल्या, की त्याच्या डोळ्यांतल्या खाणाखुणा त्यांना दिसल्याच नाहीत. उलट त्यांनी खुर्ची आणून पाठीमागून त्याच्या गुडघ्याला टेकवली. बसावंच लागलं. आणि कौसाबाई ताट घेऊन आल्या.

ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा, आणि वाटीत तर्रीदार हिरवीगार दाण्यांची भाजी. रतिलालभाईंनी वाटी आपल्याकडे ओढायला हात पुढे केला. वत्सलाबाईंनी तो प्रेमाने बाजूला केला आणि त्यांच्यापुढेही ताट ठेवलं. नवनीतभाईंनी घास घेतला, डोळे मिटून चावला.

"दाणा गोड शेत," ते म्हणाले.

रतिलालभाईंना धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं झालं. सांगावं तर सोयरीक गेली. न सांगावं तर पाहुण्याला फसवून जेवू घातलं, आणि तोही लेकीचा सासरा. नवनीतभाईंनी वाटी पुसून घेतली आणि आणखी मागितली. असे दाणे हल्ली मिळत नाहीत, त्यांनी वत्सलाबाईंना सांगितलं. काहीतरी वेगळीच चव आहे. वत्सलाबाई भाजी आणि भाकरी आणायला लगबगीने आत गेल्या.

'वेगळीच चव' हे शब्द रतिलालभाईंच्या कानांत शिरले आणि त्यांचं काहीतरी सुटलं. टाका नव्हे, हसू. ते दाबावं म्हणून त्यांनी ओठ मिटले तर खांदे हलायला लागले. उशी पोटावर दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आवाज न करता ते बिचारे हसत राहिले. नवनीतभाई घास हातात धरून बघत होते. आधी त्यांना वाटलं कळ आली, मग त्यांच्या ध्यानात आलं की हे वेगळं आहे.

"काय व्हयनं?" त्यांनी विचारलं.

रतिलालभाईंचं हसू ओसरलं. आता खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं. "याही, ती भाजी खाऊ नका," ते हळूच म्हणाले. "त्या दाणा मन्हा शेकना शेत. पिशवीमा भरीसन, गार करीसन ठेवतस. बाईले माहीत नव्हतं."

नवनीतभाईंनी वाटीकडे पाहिलं. मग रतिलालभाईंकडे. "कोठे ठेवतस?"

आता लपवण्यासारखं काय राहिलं होतं? रतिलालभाईंनी उशी जराशी उचलून बोट दाखवलं.

नवनीतभाईंनी पुढे वाकून ते बोट नेमकं कुठे टेकतंय ते पाहिलं. रतिलालभाईंच्या डोळ्यांपुढे चारुलताचा चेहरा आला आणि त्यांना रडू येईलसं वाटलं. नवनीतभाईंनी घास ताटात ठेवला. स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिलं, खुर्ची जवळ ओढली आणि आवाज अगदी खाली आणला.

"उजवीकडे?"

"उजवीकडे."

"मन्हं डावीकडे शे," नवनीतभाई म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन वर्षं झाली होती. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मुलाला, बायकोला असलं काय सांगणार? पट्टा बांधून दिवस काढत होते. ऑपरेशनच्या नावाने हातपाय गळत. आणि लग्न म्हटलं की वरात, वरात म्हटलं की कारखान्यातले दोस्त वरबापाला खांद्यावर उचलून नाचवणार, गेल्या वर्षी एका वरबापाला त्यांनी अर्ध्या गावातून तसं नेलं होतं. "माले उचलं अन तठेच काही व्हयनं ते?" नवनीतभाईंनी विचारलं. ऊस, ऊन, पाऊस आणि तो ग्रह, सगळे बिचारे या एका कारणासाठी राबले होते.

"मंग आज काय बोलाले येल व्हतात?"

"आखो एक साल थांबूत, आसं." नवनीतभाईंनी पंच्याने कपाळ पुसलं. "पन तुम्ही ते चार दिनमा चाली ऱ्हायनात. हसी बी ऱ्हायनात."

रतिलालभाईंचा जीव भांड्यात पडला. इतका मोठा सुटकेचा श्वास त्यांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरूनही कधी सोडला नव्हता. ते चार दिवसांच्या अनुभवी माणसाच्या थाटात व्याह्याला समजावू लागले, की घाबरण्यासारखं काही नसतं, टाके पोत्यासारखे नसतात, एक टोक ओढलं म्हणून काही सगळं उघडत नाही. डॉक्टरांकडे मी स्वतः बरोबर येतो म्हणाले.

वत्सलाबाई आधी भाकरी घेऊन आल्या तर दोघे व्याही डोक्याला डोकं लावून बसलेले. नवनीतभाई सावरून बसले आणि जरा मोठ्याने म्हणाले, "याहीन, अखजीनंतरना पहिला मुहूर्त धरा. आते मांगेपुढे नई."

अक्षय्य तृतीयेनंतरचा मुहूर्त ऐकून वत्सलाबाईंच्या हातातली भाकरी ताटात पडायची ती खाली पडली. उचलायला वाकल्या त्या पदर डोळ्यांना लावूनच वर आल्या. ते 'थोडं बोलनं' म्हणजे हेच होतं का, एवढंच त्यांनी विचारलं. हेच होतं, असं नवनीतभाईंनी सांगितलं, आणि रतिलालभाईंनी जोरात मान हलवली. मग त्या आत जाऊन चारुलताला फोन लावायला लागल्या आणि रडण्यामुळे त्यांना नंबर सापडेना.

तेवढ्यात कौसाबाई कढईच घेऊन बाहेर आल्या. पाहुण्यांची वाटी रिकामी आणि घास तसाच ताटात पडलेला बघून त्यांना वाईट वाटलं. "खाई ल्या ना याही, दाणा तुम्हनाच शेत. तुम्ही आणेल शेंगा सोल्यात मी."

"अन ती फ्रिजमधली पिशवी?" रतिलालभाईंनी विचारलं.

ती? ते दाणे दगड झाले होते, कौसाबाईंनी सांगितलं, हात सुन्न पडला नुसता. ते त्यांनी म्हशीच्या टोपलीत टाकून दिले.

दोघा व्याह्यांची नजरानजर झाली. न घडलेल्याच गोष्टीची कबुली एकाने दिली होती आणि त्या कबुलीपायी दुसऱ्याने दोन वर्षांचं गुपित सांगून टाकलं होतं. आधी नवनीतभाईंच्या मिशा थरथरल्या. मग रतिलालभाईंचे खांदे हलले. आणि मग दोघांनाही हसू अनावर झालं. धिप्पाड नवनीतभाई खुर्चीत वाकले आणि त्यांचा हात आपसूक डाव्या अंगाला गेला, रतिलालभाईंचा उजव्या.

कौसाबाई कढई धरून दोघांना आळीपाळीने न्याहाळत होत्या. "काब्र दोन्ही जन पोट धरी ऱ्हायनात?" त्यांनी काळजीने विचारलं. "भाजी बाधनी का?"

दोघांनी एकदमच नाही म्हटलं आणि एकदमच आपापली वाटी पुढे केली.